साठ माशांची साक्ष

शीतजलातील मत्स्यशेतीच्या दप्तरात जेवढे कागद जमा होतात, त्यांत रोगमुक्ततेचा दाखला हा सर्वांत वजनदार समजला जातो. आणि हा दाखला ज्या साक्षीवर उभा असतो, ती साक्ष पुष्कळदा अवघ्या ६० माशांची असते. ट्राउटच्या एका तुकडीतून ६० मासे उचलावेत, त्यांची मूत्रपिंडे, प्लीहा आणि डोक्यातील कूर्चा प्रयोगशाळेत तपासून घ्यावी, आणि त्यांपैकी एकाच्याही ठायी रोगबीज आढळले नाही म्हणजे उरलेले हजारो मासे निर्दोष धरावेत, असा प्रघात उत्तर अमेरिकेत दीर्घकाळ रूढ आहे. ६० हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. मोठ्या तुकडीत शेकडा ५ मासे बाधित असतील, तर यदृच्छेने उचललेल्या ६० माशांत एकही बाधित न निघण्याची शक्यता शेकडा ५ हून किंचित कमी भरते. म्हणून निरीक्षक शेकडा ९५ विश्वासाने आपली सही करतो.

इथवर हिशेब चोख आहे. परंतु बाधित मासे शेकडा ५ ऐवजी शेकडा १ असतील, तर तेच ६० मासे निर्दोष निघण्याची शक्यता शेकडा ५४ च्या वर जाते. म्हणजे २०,००० माशांच्या फार्मात २०० रोगवाहक मासे सुखेनैव पोहत असतानाही दाखला न मिळण्यापेक्षा मिळण्याचाच संभव अधिक! ६० च्या जागी ३०० मासे तपासले तर ही उणीव भरून निघते; पण ३०० मासे मारून त्यांची चिरफाड करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न उपस्थित झाला की सभेतील सर्वांच्या नजरा छताकडे वळतात. शिवाय हे सारे गणित मासे खरोखरच यदृच्छेने उचलले गेले आणि चाचणी अचूक होती, या दोन गृहीतांवर चालते. आणि हौदाच्या काठाशी उभे राहून हाती लागेल तो मासा जाळ्यात घेणे, याला यदृच्छा म्हणणे धाडसाचेच आहे.

दाखल्याची ही मर्यादा सांगण्यात दाखला देणाऱ्यांचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. आपल्या विधानाला किती वजन आहे हे ते स्वतः जाणतात. दोष असलाच तर तो दाखला वाचणाऱ्यांचा आहे. वर्षातून एखाद्या दिवशी बाहेरून कोणी येऊन घेतलेली साक्ष ही फार्मच्या प्रकृतीची हमी आहे, आणि ती एकदा फाईलला लागली म्हणजे उरलेले वर्ष निर्धास्त राहण्यास हरकत नाही, अशी जी समजूत शासनात, कर्ज देणाऱ्या बँकांत आणि खुद्द फार्मधारकांतही रुजते, तिच्याविरुद्ध मला लिहावयाचे आहे. माझे म्हणणे असे की, ट्राउट फार्मवरील आरोग्यनिरीक्षण आणि अटकाव या दोहोंची जबाबदारी एकच आहे. फार्मधारक ती पत्करतो तेव्हा तो खालच्या अंगाला राहणाऱ्यांना जामीन राहत असतो. आणि अशा जामिनाने खरे सांगितले तरी त्याचे दिवाळे निघणार नाही अशी तजवीज जोवर सरकार करीत नाही, तोवर साठसाठ माशांच्या कितीही साक्षी घेतल्या तरी नदी सुरक्षित होणार नाही.

ट्राउटची शेती ही आपल्या गावतळ्यातील कटला-रोहूच्या शेतीहून मुळातच भिन्न आहे, हे मराठी वाचकाच्या ध्यानी आणून देणे अवश्य आहे, कारण सह्याद्रीचे उष्ण पाणी या माशाला मानवत नसल्याने त्याचा आपला परिचय बेताचाच. गावतळ्याचे पाणी उन्हाळाभर त्याच जागी असते; तेथे आलेला रोग बहुधा त्याच तळ्याचा आणि त्याच ठेकेदाराचा घात करतो. ट्राउटला मात्र वाहते, थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २० अंशांना तो ९ वर येतो. आणि निसर्गाची क्रूर थट्टा अशी की, पाणी तापून प्राणवायू घटतो त्याच वेळी माशाच्या देहाची प्राणवायूची भूक वाढलेली असते. म्हणून झऱ्याचे वा ओढ्याचे पाणी लांबट, अरुंद हौदांतून अखंड खेळवावे लागते. जे पाणी वरच्या मोरीतून शिरते ते थोड्याच वेळात खालच्या मोरीतून बाहेर पडून पुन्हा ओढ्याला मिळते, आणि माशांनी त्यात जे काही टाकले असेल – विष्ठा, अमोनिया, न खाल्लेले खाद्य, जीवाणू, विषाणू, परोपजीवींचे बीजाणू – ते सारे घेऊन जाते. फार्मधारकाची मालकी हौदापुरती. पाण्यावर त्याचा अधिकार केवळ वाटसरूला धर्मशाळेवर असतो तेवढा.

या हौदाच्या खालच्या टोकाला एक जाळी बसवलेली असते. मासा बाहेर जाऊ नये एवढ्याच कामासाठी ती आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु ज्या माशाच्या अंगी प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे त्राण उरत नाही, तो हळूहळू मागे सरकत या जाळीशीच येऊन ठेपतो. मेलेला मासाही वाहत तिथेच लागतो. अंग काळवंडलेला, डोळे बाहेर आलेला, कल्ले रक्तहीन होऊन फिके पडलेला मासा जर कुठे प्रथम दिसायचा असेल, तर तो याच जाळीपाशी. मासे वरच्या मुखाशी गर्दी करून तोंड वासू लागले, तर प्राणवायू घटला किंवा कल्ल्यांना विकार जडला असे समजावे. तळाशी आपटून कुशी घासू लागले, तर त्वचेवर परोपजीवी आहेत असे धरून चालावे. पण निमूटपणे मरू घातलेला मासा खालच्या जाळीकडेच जातो. तेव्हा जी वस्तू अटकावासाठी बसवली, तीच निरीक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सच्चे साधन ठरते. यदृच्छेने उचललेल्या ६० निरोगी माशांपेक्षा जाळीशी लागलेल्या ६ अत्यवस्थ माशांची साक्ष रोग हुडकण्याच्या कामी अधिक मोलाची असते, आणि ती रोज, विनामूल्य मिळते.

अट एवढीच की, ती कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे. किती मासे मेले, कोणत्या हौदात, किती वजनाचे, पाण्याचे तापमान किती होते, खाद्य किती घातले आणि किती शिल्लक राहिले – एवढ्या पाच-सहा रकान्यांची रोजकीर्द जो फार्म प्रामाणिकपणे ठेवतो, त्याला रोगाची चाहूल प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी लागते. कारण रोज दोन-तीन मासे मरणाऱ्या हौदात सलग चार दिवस सात, नऊ, चौदा, बावीस असे आकडे पडू लागले, तर त्यांचा अर्थ कळण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. खाद्यावरील वासना उडणे हे तर मृत्यूच्याही आधीचे लक्षण. मात्र ही कीर्द लिहिणारा हात बहुधा फार्मवरील सर्वांत कमी पगाराच्या माणसाचा असतो; आणि ‘आज इतके मेले’ असे लिहिल्याबद्दल त्यालाच बोल लावण्याची रीत जेथे आहे, तेथे थोड्याच दिवसांत मासे मरण्याचे थांबतात – कागदावर.

जाळी आणि कीर्द या दोन क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींवर मी इतका भर का देतो, हे समजण्यासाठी भोवंडी रोगाचा इतिहास पाहावा. रेनबो ट्राउट हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आणि कामचाटकाकडील मासा. एकोणिसाव्या शतकात तो जर्मनीत नेण्यात आला, आणि तेथील फार्मांत त्याची पिले शेपटीमागे धावत गरगर फिरू लागली, त्यांची कवटी वाकडी होऊ लागली, शेपट्या काळ्या पडू लागल्या. युरोपातील ब्राऊन ट्राउटच्या देहात एक परोपजीवी पूर्वापार फारशी इजा न करता राहत होता. नव्या पाहुण्याच्या कोवळ्या कूर्चेत शिरताच तो संहारक झाला. पुढे १९५० नंतरच्या दशकात हाच परोपजीवी पेन्सिल्व्हेनियातील मत्स्यबीज केंद्रांत आढळला. तो माशापासून माशाला थेट लागत नाही आणि तरी पसरतो, हे कोडे १९८४ साली वुल्फ आणि मार्किव या संशोधकद्वयाने सोडवले: त्याचे अर्धे आयुष्य गाळात राहणाऱ्या ट्युबिफेक्स नावाच्या बारीक कृमीच्या पोटात जाते. कच्च्या मातीच्या तळ्यांऐवजी सिमेंटचे हौद बांधणे आणि पिलांना ओढ्याच्या पाण्याऐवजी झऱ्याचे स्वच्छ पाणी देणे, हे उपाय एवढ्या साध्या ज्ञानातून निघाले.

पण ज्ञान झाले म्हणून रोग थांबला नाही. १९८७ च्या सुमारास तो बाधित माशांबरोबर कोलोरॅडोत पोहोचला, १९९४ मध्ये माँटानातील मॅडिसन नदीत त्याचा शोध लागला, आणि त्या नदीच्या काही पट्ट्यांत रेनबो ट्राउटची संख्या शेकडा ९० पर्यंत घटलेली दिसून आली. हा रोग कोणा चोरट्या व्यापाऱ्यानेच सर्वत्र नेला असे समजण्याचे कारण नाही. नद्यांत मासे सोडण्याचे काम अमेरिकेत मुख्यतः सरकारी मत्स्यखातीच करतात, आणि सुदृढ दिसणारा, वयाने मोठा, लक्षणांचा मागमूस नसलेला वाहक मासा सरकारी टाकीतून, सरकारी गाडीतून, सरकारी हुकुमानेच नदीत उतरू शकतो. अटकावाचा विचार करताना आपण नेहमी जाळी फाडून पळालेल्या माशाचा विचार करतो. ज्याला आपणच हात धरून नदीपर्यंत पोहोचवले, त्या माशाची पळालेल्यांत गणना होत नाही.

पळालेल्या माशांबाबत वंध्यीकरणाचा उपाय अलीकडे फार वाखाणला जातो. अंड्यांवर योग्य क्षणी दाब वा उष्णता देऊन तीन गुणसूत्रसंचांचे मासे तयार केले की ते प्रजननक्षम राहत नाहीत, आणि ते निसटले तरी नदीतील देशी वंशात त्यांची भेसळ होत नाही. उपाय चांगला आहे, पण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा बाळगू नये. कॅनडातील सस्काचेवान प्रांतात डीफेनबेकर नावाचे एक मोठे धरणसरोवर आहे. तेथील पिंजऱ्यांतून असे लाखो वंध्य ट्राउट निसटले. त्यांनी वंश वाढवला नाही हे खरे, पण प्रजननात खर्च न झालेली सारी शक्ती देहात साठवून ते इतके थोराड झाले की, २००९ साली त्या सरोवरात गळाला लागलेल्या ४८ पौंडांच्या रेनबो ट्राउटने जागतिक विक्रम केला. गळ टाकणाऱ्यांना आनंद झाला असेल. त्या ४८ पौंडांत सरोवरातील इतर माशांचा किती घास गेला, याची नोंद विक्रमांच्या वहीत होत नाही. वंध्यत्व वंशाला बांधते. देह, भूक आणि अंगातील विषाणू यांना ते बांधीत नाही.

याउलट डेन्मार्कचे उदाहरण घ्यावे. त्या देशातील एग्टवेड या गावाचे नाव एका भयंकर विषाणुजन्य रोगाला चिकटले. या रोगात माशाच्या स्नायूंत आणि अंतरिंद्रियांत रक्तस्राव होतो, आणि थंड पाण्यात, म्हणजे ट्राउटला जे पाणी हवे नेमक्या त्याच पाण्यात, तो बळावतो. १९६० नंतरच्या दशकात शेकडो डॅनिश फार्म या रोगाने ग्रासलेले होते. तेथील लोकांनी जो मार्ग पत्करला तो कष्टाचा होता: एकेक नदीखोरे हाती घ्यावे, बाधित फार्म रिकामे करावेत, हौद कोरडे पाडून निर्जंतुक करावेत, काही काळ पडीक ठेवावेत, आणि मग रोगमुक्त फार्मातूनच नवे बीज आणावे. वरचा फार्म बाधित ठेवून खालचा शुद्ध करणे व्यर्थ आहे, हे पाण्याच्या स्वभावावरूनच स्पष्ट होते; म्हणून शेजाऱ्यांना एकत्र यावेच लागले. हे काम अर्ध्या शतकाच्या आसपास चालले. २००९ पासून अखेरची मोहीम झाली आणि २०१३ च्या अखेरीस तो देश या रोगापासून मुक्त म्हणून मान्य झाला. या यशात विषाणुशास्त्राचा वाटा मोठा आहेच. तरी माझ्या मते त्याहून मोठा वाटा या व्यवस्थेचा की, रोग कळवणारा फार्मधारक तेथे गुन्हेगार ठरत नव्हता आणि सार्वजनिक पैसा या कामी खर्ची पडत होता.

ब्रिटनने कायद्याचा मार्ग धरला होता. फुरुनक्युलोसिस नावाच्या, माशाच्या अंगावर गळवे उठवणाऱ्या रोगाचा तपास करण्यासाठी तेथे १९२९ साली एक समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालांतून १९३७ चा मत्स्यरोगविषयक कायदा जन्मास आला. परदेशी जिवंत मासे आणण्यावर निर्बंध आणि बाधित पाण्यावर बंदोबस्त ही त्याची मुख्य कलमे. कायदा आवश्यक होताच, पण ज्याला आपले नुकसान एकट्यालाच सोसायचे आहे तो माणूस कायद्याच्या भीतीने जितक्या तत्परतेने खरे बोलतो, तितक्याच तत्परतेने मेलेले मासे रात्री पुरूनही टाकतो.

आता आपल्या देशाकडे वळू. काश्मीरमध्ये ब्राऊन ट्राउटची अंडी प्रथम १८९९ मध्ये बेडफर्डच्या ड्यूककडून भेट म्हणून निघाली, ती वाटेतच नासली. दुसरी खेप १९०० साली सुखरूप पोहोचली आणि श्रीनगरात गालिच्यांचा उद्योग करणाऱ्या मिचेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली तिची पैदास झाली. १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यातही बीज केंद्र निघाले. हा सारा खटाटोप साहेबाच्या गळाला शिकार मिळावी म्हणून होता, आणि नदीत मासे सोडणे हाच त्याचा उद्देश असल्याने अटकाव हा शब्द त्या काळच्या दप्तरात असण्याचे कारणच नव्हते. हिमालयाच्या ओढ्यांत राहणाऱ्या ‘असला’ नावाच्या देशी माशाला कोणी विचारले नाही. ‘स्नो ट्राउट’ हे त्याचे इंग्रजी नाव केवळ सौजन्याचे. वस्तुतः तो कार्पच्या कुळातला. विचारले नाही म्हणून तक्रारही नोंदली गेली नाही.

आज चित्र पालटले आहे. १९८० नंतरच्या दशकात युरोपीय साहाय्याने काश्मीरमधील कोकरनाग येथे आणि त्यानंतर नॉर्वेच्या साहाय्याने हिमाचलातील पतलीकुहल येथे ट्राउटची व्यापारी शेती उभी राहिली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून हौद बांधण्यास शेकडा ४० पासून ६० पर्यंत अनुदान मिळू लागले, आणि एकाच ओढ्यावर एकाखाली एक असे खाजगी हौद उभे राहत आहेत. वाण सुधारावे म्हणून डेन्मार्कहून, डोळ्यांचे काळे ठिपके उमटलेली अंडीही आणली गेली. अशी अंडी आयोडीनयुक्त द्रावणात दहा मिनिटे बुडवून निर्जंतुक करण्याची पद्धत आहे, पण ती अंड्याच्या पृष्ठभागापुरती. काही रोगबीजे अंड्याच्या आत बसूनही प्रवास करतात. तेव्हा काश्मीरमधील हौदाचे आरोग्य डेन्मार्कमधील फार्मधारकाच्या रोजकीर्दीवर अवलंबून राहिले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम लखनौ येथील संस्थेच्या नेतृत्वाखाली चालू आहे, भीमताल येथे शीतजल मत्स्यसंशोधनाची स्वतंत्र संस्था आहे. विद्वत्तेची वाण नाही. उणीव आहे ती अन्यत्र. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली संसदेने जो कायदा केला, त्यातील ‘प्राणी’ या संज्ञेच्या मूळ व्याख्येत गाय-म्हैस आहे, याक आणि मिथुन आहेत, मधमाशीसुद्धा आहे; मासा नाही. अधिसूचना काढून त्यात भर घालण्याचा अधिकार केंद्राला आहे हे खरे, परंतु मधमाशी जिथे सहज आठवली तिथे मासा आठवू नये, यातून माशाचे आपल्या राज्यव्यवहारातील स्थान पुरेसे स्पष्ट होते.

महाराष्ट्राने या बाबतीत दुरून शहाणपण शिकवण्याचे कारण नाही. लोणावळ्याजवळील वळवण येथील केंद्रात अनेक दशके महसीर माशाची पैदास झाली. प्रयत्न स्तुत्य आणि हेतू निर्मळ. पण पुणे भागातील नद्यांत कर्नल साईक्सने १८३९ साली ज्याची शास्त्रीय नोंद केली, तो हा निळसर परांचा महसीर देशभर वाटला गेला, कावेरीतही पोहोचला, आणि तेथील मोठ्या मदारीच्या देशी महसीराला त्याने मागे रेटले, असे अलीकडच्या संशोधकांचे निरीक्षण आहे. सद्हेतूने भरलेली टाकीसुद्धा नदीच्या दृष्टीने फुटलेली जाळीच असते.

यावर हिमालयातील एखादा फार्मधारक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे मी सर्वांत गंभीरपणे घेतो, की “साहेब, माझे दोन हौद आहेत. बर्फ वितळले की ओढ्याला लोंढा येतो, पाचोळ्याने जाळी तुंबते, पाणी काठावरून वाहू लागते. तेव्हा जाळी उचलली नाही तर हौद जातो आणि उचलली तर मासे जातात. त्या रात्री मी तुमची कीर्द लिहीत बसू?” हा आक्षेप कागदी योजनांवर मारलेला सणसणीत तडाखा आहे. त्याला उत्तर एवढेच की, हे ओझे त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकता कामा नये. पाचोळा अडवणारी वेगळी जाळी वरच्या मुखाशी, खालच्या टोकाला एकामागे एक दोन जाळ्या म्हणजे एक धुताना दुसरी जागेवर राहील, आणि पूररेषेपासून हौदाचे अंतर – या बाबी अनुदानाच्या अटींतच असाव्यात आणि त्यांचा खर्च अनुदानातच धरावा. आज अनुदान घनमीटर मोजून मिळते. जाळी मोजून मिळत नाही.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट नुकसानभरपाईची. ज्याने रोग वेळेत कळवला, ज्याची कीर्द नियमित होती, त्याचे मासे सरकारी हुकुमाने नष्ट करावे लागले तर त्यांची किंमत त्याला ठरावीक मुदतीत मिळाली पाहिजे. ज्याने लपवले त्याला ती मिळता कामा नये. यात सरकारचा पैसा जाईल हे कबूल. पण एका खोऱ्यातील हौद भरून देण्याचा खर्च आणि त्या खोऱ्यातील नदी कायमची बाधित होण्याची किंमत यांची तुलना करताना, भोवंडी रोगाचे बीजाणू गाळात दीर्घकाळ तग धरतात आणि नदी रिकामी करून, वाळवून, चुना फासून पुन्हा भरता येत नाही, ही गोष्ट लेखापालांनी विसरू नये.

म्हणून हिमाचल, काश्मीर, उत्तराखंड आणि सिक्कीम येथील सरकारांना, आणि ज्यांच्या करातून ही अनुदाने जातात त्या आपल्यासारख्या दूरच्या नागरिकांनाही, माझी विनंती अशी आहे की, परदेशी अंड्यांची पुढची खेप मागवण्यापूर्वी तीन कामे पुरी करावीत: २००९ च्या कायद्याच्या व्याख्येत माशाचा समावेश करणारी अधिसूचना, रोग कळवणाऱ्या फार्मधारकाला भरपाईची लेखी हमी, आणि प्रत्येक ओढ्यावरील सर्व फार्मांच्या रोजकीर्दी खालच्या फार्मधारकाला मागताक्षणी पाहण्याचा हक्क. ६० माशांची तपासणी चालू ठेवावी. तिचा निष्कर्ष मात्र या तीन कामांनंतरच विश्वासाने वाचता येईल.